अधूनमधून लिहा, पण तारीख घालून लिहा

धुळ्याच्या तुरुंगात २१ फेब्रुवारी १९३२ रोजी, रविवारी, विनोबांनी सहकैद्यांसमोर गीतेवर बोलायला सुरुवात केली. दर रविवारी एक अध्याय, या हिशेबाने १९ जूनला अठरावा अध्याय पुरा झाला. समोर बसलेले साने गुरुजी ते बोलणं भराभर उतरवून घेत होते. त्या टिपणांतूनच ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक उभं राहिलं आणि पुढे अनेक भारतीय भाषांत पोहोचलं.

विषय मोठा, बोलणारा मोठा, उतरवून घेणाराही मोठा. लिहिण्याची रीत मात्र कोणालाही जमेल अशी होती: आठवड्यातून एक ठरलेला वार, आणि कानावर पडतंय तोवरच कागदावर.

जळगाव-धुळ्याकडे अधूनमधून लिहिणारी माणसं पुष्कळ आहेत. निवृत्त शिक्षिका, रावेरकडचा केळी बागायतदार, भुसावळच्या रेल्वे क्वार्टरात वाढलेली बँक कर्मचारी, पुण्यात नोकरी करणारा आणि दिवाळीला शिरपूरला येणारा अभियंता. एखाद्या संध्याकाळी पान-दीड पान लिहून होतं, मग तीन-तीन महिने वही उघडली जात नाही. अडतं ते दोन ठिकाणी. रोज लिहिणं होत नाही म्हणून चुटपुट लागते, आणि ‘आपल्या जगण्यात लिहिण्यासारखं आहे तरी काय?’ हा प्रश्न सुटत नाही. पहिल्या अडचणीत फारसा दम नाही. चार महिन्यांच्या अठरा रविवारांत काय होऊ शकतं ते धुळ्यात दिसलंच. दुसरीचं उत्तरही खान्देशातल्याच माणसांनी देऊन ठेवलं आहे.

विषय उंबऱ्याच्या आत

बहिणाबाई चौधरींचा जन्म १८८०चा, आसोद्याचा, सासर जळगावचं. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांच्या गाण्यांचे विषय काय आहेत? जातं, चूल, मोट, पेरणी, मळणी, झाडाला टांगलेला सुगरणीचा खोपा, पोळा, आखाजी. जळगावात नवा आलेला छापखानाही त्यांनी सोडला नाही. यातला एकही विषय शोधायला त्यांना गाव सोडावं लागलं नाही. जे रोज हाताखालून जात होतं तेच गाण्यात आलं.

दुसरं उदाहरण चाळीसगावचं. छायाचित्रकार केकी मूस (१९१२–१९८९) दशकानुदशकं घराबाहेर क्वचितच पडले. स्टेशनजवळच्या आपल्या घरात, टेबलावर किरकोळ वस्तू मांडून त्यांनी दृश्यं उभी केली आणि त्यांची छायाचित्रं काढली. आज त्या घराचंच संग्रहालय झालं आहे.

तेव्हा ‘काही घडलं की लिहू’ म्हणून थांबू नये. खान्देशातलं वर्ष नुसतं महिन्यामहिन्यानं मोजलं तरी विषयांची यादी तयार होते. चैत्रात सप्तशृंगी गडाकडे पायी निघालेले जथे आणि रस्त्याकडेला त्यांना पाणी, ताक देणारे लोक. उन्हाळ्यात गच्चीवर वाळत घातलेले बिबडे आणि कुरडया. आखाजीला माहेरी आलेल्या लेकी आणि झाडाला बांधलेले झोके. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी बसणारी कानबाई, रात्रीचं जागरण, सोमवारचं विसर्जन आणि भाऊबंदांतच खाल्ले जाणारे रोट. थंडीतलं भरीत. केळीच्या भागात मृगबाग आणि कांदेबाग यांची लागवड, हिवाळ्यात बसणारा चरका, मे महिन्यात पानं फाडून टाकणारा गरम वारा.

सणावर मात्र सगळेच लिहितात. खरी परीक्षा साध्या मंगळवारची. नळाला पाणी येण्याचा दिवस आणि त्याभोवती फिरणारं घराचं वेळापत्रक, धुळ्यात पाचकंदीलच्या भाजीबाजारातली घासाघीस, जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये मोबाइल दुरुस्त होईपर्यंत घालवलेला तास, चाळीसगाव-धुळे गाडीतल्या गप्पा, दवाखान्याच्या बाकावर भेटलेलं अनोळखी माणूस. हे रोजचं असतं म्हणून कोणी टिपून ठेवत नाही, आणि म्हणूनच दहा वर्षांनी ते नेमकं कसं होतं हे कोणालाच सांगता येत नाही.

‘मजा आली’ म्हणजे काय झालं?

अधूनमधून लिहिणाऱ्यांच्या वहीत हमखास सापडणारा मजकूर असा असतो: ‘काल शेतात भरीत पार्टी झाली. सगळे जमले होते. खूप मजा आली. अविस्मरणीय दिवस.’ चार वाक्यं झाली, पण वाचणाऱ्याच्या हाती काही लागलं नाही. दिवस अविस्मरणीय होता असं म्हणणाऱ्यालाही पाच वर्षांनी त्यातलं काही आठवणार नाही.

तोच दिवस असाही लिहिता येतो: ‘डिसेंबरातला दुसरा रविवार. वांगी बामणोदची, हिरवट पांढरी, हाताएवढी. काकांनी कपाशीच्या काड्यांचा जाळ केला. सोललेली वांगी बडगीत ठेचायचं काम धाकट्या दोघांकडे. मामींनी कळण्याच्या पुऱ्या तळल्या. मिरची अशी की नवे जावई ताक शोधत विहिरीपर्यंत गेले. यंदा वांगी महाग, म्हणून शेजारच्या मळ्यातल्यांना बोलावलं नाही. आजीला ते आवडलं नाही, ती शेवटपर्यंत गप्प होती.’

लांबी दुप्पट-तिप्पट झाली, पण दिवस हाती आला. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ही माहिती कुठेही मिळेल. आजी का गप्प होती, हे त्या घरातल्या लिहिणाऱ्याखेरीज कोणीच सांगणार नाही. लेखाचा जीव तिथे असतो.

नेमकेपणासाठी पाच प्रश्न पुरतात: कधी, कुठे, कोण, किती आणि कशाने. यातला ‘किती’ बहुतेक जण गाळतात. खान्देशातल्या घरांत भाव हा जेवणाच्या ताटावरचा विषय आहे. रावेर-यावलकडे केळीचा भाव निघाला की बऱ्हाणपूरच्या बाजाराचं नाव निघतंच. तो भाव त्या दिवशी क्विंटलला किती होता, कापूस वेचणीची मजुरी किलोला किती दिली, मजूर कुठून आले, रिक्षावाल्यानं स्टेशनपासून पेठेपर्यंत काय घेतलं, हे आकडे जरूर लिहावेत. आज ते क्षुल्लक दिसतील. नातवंडं ती वही उघडतील तेव्हा त्यांची नजर आधी तिथेच जाईल.

भावनांची नावं घेण्याऐवजी प्रसंग सांगावा. ‘भारावून गेलो’, ‘डोळे पाणावले’, ‘शब्द अपुरे पडतात’ असे शब्द आले की तिथे खूण करावी आणि दुसऱ्या दिवशी त्या जागी नेमकं काय दिसलं, कोण काय बोललं ते घालावं. नाशिकजवळच्या जलालपूरच्या लक्ष्मीबाई टिळक शाळेत शिकलेल्या नव्हत्या. ‘स्मृतिचित्रे’चे चार भाग १९३४ ते १९३६ या काळात निघाले. सोवळं-ओवळं, ओढगस्त, नवऱ्याचं धर्मांतर, ताटातूट असं सगळं त्यात आहे. पण बाई रडगाणं गात नाहीत. प्रसंग सांगतात, स्वतःची फजिती सांगतात आणि पुढे जातात. घरगुती लिहिणाऱ्याला याहून चांगला नमुना मराठीत मिळणं कठीण.

वार ठरवा, पानं ठरवू नका

रोज लिहिण्याचा संकल्प जानेवारीत होतो आणि संक्रांतीपर्यंत मोडतो. त्यापेक्षा आठवड्याचा किंवा पंधरवड्याचा एक वार धरावा. गावात आठवडे बाजार असेल तर तोच वार सोयीचा, कारण त्या दिवशी माणसं भेटतात, भाव कळतात, बातम्या कानावर येतात. एका बैठकीला तीनशे-चारशे शब्द पुष्कळ झाले.

मधल्या दिवसांसाठी खिशातली लहान वही किंवा मोबाइलमधलं टिपण पुरे. त्यात वाक्यं लिहू नयेत. नुसते कोंब ठेवावेत: ‘कंडक्टर – सुटे पैसे – म्हातारीचं उत्तर’. ठरलेल्या वारी त्यातला एकच कोंब उचलावा आणि तो पुरा लिहावा. एका पानात लग्न, पाऊस, निवडणूक आणि गुडघेदुखी असं सगळं कोंबलं की कशालाच जागा उरत नाही.

लहान नोंदीची लाज बाळगू नये. यावल-रावेरच्या पट्ट्यातल्या सांगवीचे भालचंद्र नेमाडे यांच्या १९६३ सालच्या ‘कोसला’त नायकाच्या एका वर्षाच्या डायरीचा मोठा भाग आहे. कादंबरीकाराने मुद्दाम घेतलेलं ते रूप आहे, हे खरं; तरी किरकोळ दिसणाऱ्या नोंदी एकापुढे एक आल्या की त्यातून माणूस कसा दिसू लागतो, हे पाहायला तो भाग पुन्हा वाचावा. आपल्या वहीतही एखाद्या दिवशी एकच ओळ येईल, एखाद्या दिवशी चार पानं. दोन्ही चालतात.

लिहून झालं की मजकूर एक रात्र तसाच ठेवावा. सकाळी मोठ्याने वाचावा. जिथे जीभ अडखळते तिथे वाक्य मोडून दोन करावीत. पहिला परिच्छेद बहुतेक वेळा नुसता घसा साफ करण्यात गेलेला असतो. तो काढून लेख दुसऱ्या परिच्छेदापासून सुरू होतो का, हेही पाहावं. बऱ्याचदा होतो.

कोणाला सांगताय?

‘सर्वांसाठी’ लिहायला बसलं की भाषणाचा सूर लागतो. एक माणूस डोळ्यांसमोर ठेवावा. साने गुरुजी १९२४ ते १९३० अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. छात्रालयातल्या मुलांसाठी ते ‘छात्रालय’ नावाचं हस्तलिखित दैनिक चालवत. वाचक किती? वसतिगृहातली मुलं तेवढी. पुढे ‘श्यामची आई’त आलेला घरगुती, समोर बसवून सांगण्याचा सूर त्या सवयीपासून फार लांबचा नाही. नाशिकच्या तुरुंगात ९ फेब्रुवारी १९३३ला त्यांनी ते पुस्तक लिहायला घेतलं आणि १३ फेब्रुवारीला पहाटे ते हातावेगळं केलं. शेवटच्या काळात पुतणी सुधा हिला लिहिलेली त्यांची पत्रं ‘सुंदर पत्रे’ म्हणून प्रसिद्ध आहेत. एका मुलीला लिहिलेला मजकूर हजारोंनी वाचला.

सुरुवात करणाऱ्यासाठी पत्र हाच सोपा साचा. सुरतेला दिलेली बहीण, परदेशी गेलेला पुतण्या, शाळेतली जुनी मैत्रीण, यांपैकी कोणाला तरी सांगतोय असं धरून लिहावं. मायना नंतर काढून टाकता येतो, सूर राहतो. मजकूर बरा उतरला तर घरच्यांच्या गटात, शाळेच्या किंवा वाचनालयाच्या अंकात, स्थानिक दैनिकाच्या रविवार पुरवणीत पाठवून पाहावा. पुरवणीसाठी पाठवताना त्या पुरवणीत येणाऱ्या लेखांची लांबी आधी मोजावी आणि तेवढंच पाठवावं.

माणसं बोलतात तशीच त्यांना कागदावर बोलू द्यावं. धुळ्याकडचा गाडीवाला ‘काय करी राह्यना भाऊ?’ असं विचारत असेल तर त्याच्या तोंडी पुण्याचं वाक्य घालू नये. लेवा पाटीदारांच्या घरातली बोली वेगळी, अहिराणी वेगळी, गुजर घरातली आणखी वेगळी. निवेदन प्रमाण मराठीत ठेवून संवाद बोलीत घेतले तर बाहेरच्या वाचकालाही अडचण येत नाही. बोली घरात कमी होत चालली असेल तर आजी-आजोबांची दोन वाक्यं प्रत्येक पानात असावीत, एवढा नेम करायला हरकत नाही.

न लिहिणाऱ्यांचं लिहून घ्या

बहिणाबाईंची गाणी टिकली याचं कारण घरात ती ऐकून उतरवून घेणारे होते: मुलगा सोपानदेव आणि नात्यातले पितांबर चौधरी. बहिणाबाई ३ डिसेंबर १९५१ला गेल्या. त्यानंतर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ साली अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ हे पुस्तक निघालं. वहीत उतरलं तेवढं राहिलं. जे कोणी टिपलं नाही ते त्यांच्याबरोबर गेलं.

आता हे काम मोबाइलनं सोपं केलं आहे, तरी काही पथ्यं पाळावीत. आधी विचारावं, मगच ध्वनिमुद्रण सुरू करावं. फोनचं नेटवर्क बंद ठेवावं, म्हणजे मध्ये घंटी वाजत नाही. सुरुवातीला तारीख, गाव आणि बोलणाऱ्याचं नाव मोठ्याने म्हणावं. मुलाखत घ्यायला समोरासमोर खुर्च्या मांडल्या की म्हातारी माणसं आखडतात. भाजी निवडताना, शेंगा फोडताना ती मोकळी बोलतात. ‘जुन्या काळाबद्दल सांगा’ असा मोघम प्रश्न विचारू नये. पहिला पगार किती होता, लग्नाचं वऱ्हाड कशातून आलं, घरात पहिला पंखा कधी लागला, लोको शेडमधली पाळी किती वाजता सुटायची, मांडे करायचं खापर कोणाकडून आणलं, असं विचारावं. वस्तूचं नाव घेतलं की आठवण लगेच वर येते. अर्ध्या तासात थांबावं आणि त्याच आठवड्यात ऐकून लिहून काढावं. ध्वनिफिती साठत गेल्या की कोणी ऐकत नाही.

बोलून टंकलेखन करण्याची सोय वापरत असाल तर नावं, गावं आणि बोलीतली वाक्यं पुन्हा तपासावीत. यंत्राला प्रमाण मराठी बरी समजते. अहिराणी ऐकली की ते काहीही छापतं.

दुसऱ्याचं घर, आपली लेखणी

रोजच्या जगण्यावर लिहायचं म्हणजे शेजारी, नातेवाईक, सहकारी येणारच. वहीत सगळं लिहावं. बाहेर काढताना चाळणी लावावी. कोणाचं आजारपण, कर्ज, मोडलेलं लग्न, वाटणीचा वाद हे त्या माणसाला विचारल्याशिवाय छापू नये. नाव बदललं तरी लहान गावात ‘पिठाच्या गिरणीसमोरचे दोघे भाऊ’ एवढ्यावरून सगळे ओळखतात. तेव्हा व्यवसाय आणि जागाही बदलावी. मुलांचे फोटो आणि शाळेची नावं जपून द्यावीत. घर बंद करून गावाला गेल्याची हकिगत परत आल्यावरच जगाला सांगावी.

राग आला त्या दिवशीचं पान कधीच पाठवू नये. आठ दिवसांनी ते पुन्हा वाचावं. तोवर रागाइतकंच गमतीचंही काही त्यात दिसू लागतं, आणि लेख सुधारतो.

कागद टिकवायचा कसा

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे जुने कागद शोधत गावोगाव फिरले. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ला निघाला आणि एकूण बावीस खंड झाले. ३१ डिसेंबर १९२६ला धुळ्यात त्यांचं निधन झालं. पुढच्याच वर्षी तिथे राजवाडे संशोधन मंडळ सुरू झालं. त्याच शहरात शंकर श्रीकृष्ण देवांनी मठामठांतून मिळवलेली रामदासी हस्तलिखितं समर्थ वाग्देवता मंदिरात आहेत. या दप्तरांतले कितीतरी कागद मुळात घरगुती होते: पत्रं, हिशेब, तक्रारी, याद्या. लिहिणाऱ्यांना आपण इतिहास लिहितोय याची कल्पनाही नव्हती. ज्यांवर नाव, गाव आणि तिथी आहे ते कागद अभ्यासकाच्या लगेच उपयोगी पडतात. बाकीच्यांवर डोकं खाजवत बसावं लागतं.

म्हणून प्रत्येक पानावर गाव, वार आणि सालासकट पूर्ण तारीख असावी. ‘परवा’, ‘गेल्या उन्हाळ्यात’ हे शब्द वहीत निरुपयोगी. फोटोमागे किंवा त्याच्या नोंदीत डावीकडून उजवीकडे नावं लिहावीत. पाण्यात पसरणाऱ्या शाईपेक्षा बॉलपेन बरं. खान्देशातला उन्हाळा कागदाचे हाल करतो, म्हणून पत्र्याखालचा माळा टाळावा. वह्या आतल्या खोलीत, भिंतीपासून सुटं कपाट असेल तिथे, वाळवी पाहून ठेवाव्यात. दुकानांच्या छापील पावत्यांची अक्षरं काही महिन्यांत उडतात. त्या चिकटवण्याआधी त्यांचा फोटो काढावा.

संगणकावर लिहिणाऱ्यांनी युनिकोडमध्येच लिहावं. जुन्या फाँटांमध्ये टंकलेल्या कितीतरी फायली आज उघडल्या की अक्षरांचा चिवडा दिसतो. मजकूर तीन ठिकाणी असावा: फोनमध्ये, घराबाहेरच्या एखाद्या साठवणीत आणि कागदावर. वर्षातून एकदा, दिवाळीच्या साफसफाईत, त्या वर्षाचं लिखाण छापून एका फाइलीत लावावं. घरातल्या निदान एका तरुण माणसाला त्या फाइलीची जागा ठाऊक असावी, नाहीतर ती रद्दीबरोबर जाते.

सुरुवातीसाठी नवी वही आणायचीही गरज नाही. येत्या बाजाराच्या दिवशी पिशवी रिकामी करताना काय आणलं, कितीला आणलं, कोणाकडून आणलं आणि भाव कमी करायला सांगितल्यावर तो काय म्हणाला, एवढं अर्ध्या पानात लिहा. वर गावाचं नाव आणि तारीख घाला. रात्री जेवणं झाल्यावर घरातल्या एका माणसाला ते वाचून दाखवा, तो जिथे हसेल किंवा ‘असं नव्हतं म्हटलं त्यानं’ म्हणून टोकेल ती जागा दुरुस्त करा, आणि पुढचं अर्धं पान पुढच्या बाजाराला लिहा.